व्होडाफोन कर वाद

भारत सरकार आणि व्होडाफोन ही ब्रिटिश कंपनी यांच्यात 2007 पासून जवळपास चौदा वर्षं चाललेलं टॅक्सचं भांडण. मल्टिनॅशनल कंपनीवर टॅक्स लावताना सरकारची कशी दमछाक होते ते यात सगळं दिसतं.

फेब्रुवारी 2007 मध्ये व्होडाफोनने हचिसन एस्सारमधला (म्हणजे तो पग कुत्र्याच्या जाहिरातीवाला हच) साधारण 67 टक्के हिस्सा 11 अब्ज डॉलरच्या आसपास किमतीला घेतला, पण गंमत अशी की भारतातल्या कंपनीचा एकही शेअर हलला नाही. विकला गेला तो हा हिस्सा आडून जिच्याकडे होता त्या केमन आयलंड्समधल्या सीजीपी नावाच्या कंपनीचा एकुलता एक शेअर, आणि घेणारी होती व्होडाफोनची नेदरलँड्समधली उपकंपनी. इन्कम टॅक्सवाले म्हणाले की टॉवर इथले, ग्राहक इथले, मग विकणाऱ्याच्या नफ्यावरचा टॅक्सही इथेच, आणि पैसे देताना तो व्होडाफोनने कापून घ्यायला हवा होता, काढा 11,000 कोटी. 2010 मध्ये मुंबई हायकोर्टाने खात्याची बाजू उचलून धरली पण जानेवारी 2012 मध्ये सुप्रीम कोर्टात व्होडाफोन जिंकली, त्यांचे वकील होते आपले नागपूरचे हरीश साळवे.

मग सरकारने जे केलं ते जरा अतीच होतं. दोनच महिन्यांत प्रणब मुखर्जींच्या बजेटमध्ये असे सौदे टॅक्सखाली येतील असा कायदा बदलला आणि तोही मागे थेट 1962 पासून लागू! टॅक्स मागणं रास्त होतं, पण मॅच हरल्यावर नियम बदलले तर कोण ऐकून घेणार. व्होडाफोनने भारत-नेदरलँड्स गुंतवणूक कराराचा आधार घेऊन आंतरराष्ट्रीय लवादाकडे धाव घेतली आणि सप्टेंबर 2020 मध्ये तिथेही निकाल भारताच्या विरोधात गेला. डिसेंबरात याच कायद्यावरून केर्न एनर्जी ही ब्रिटिश तेल कंपनी जिंकली, त्यांना तर 1.2 अब्ज डॉलर आणि वर व्याज मंजूर झालं, आणि वसुलीसाठी त्यांनी 2021 मध्ये पॅरिसमधल्या भारत सरकारच्या मालमत्तांवर फ्रेंच कोर्टातून टाच आणली.

शेवटी ऑगस्ट 2021 मध्ये सरकारने मागच्या तारखेची वसुली सोडून दिली, केसेस मागे घेतल्या तर घेतलेले पैसे बिनव्याजी परत अशी अट घालून. पण 28 मे 2012 नंतरच्या अशा परदेशातून फिरवलेल्या सौद्यांवरचा टॅक्स मात्र तसाच ठेवला, आणि नमुना गुंतवणूक करारातून (म्हणजे इतर देशांशी असे करार करताना भारत जो मसुदा पुढे ठेवतो त्यातून) टॅक्सचा विषय तर आधीच, 2016 च्या नव्या मसुद्यात, बाहेर काढला होता.