उष्ण-दमट हवामानात बुटांसोबत मेरिनो लोकरीचे मोजे

उष्ण आणि दमट हवेत बंद बुटांच्या आत मेरिनो मेंढीच्या बारीक लोकरीचे मोजे घालण्याची पद्धत. जंगलातली भटकंती, वनरक्षण, लष्करी गस्त, सर्वेक्षण अशा ज्या कामांत घोट्यापर्यंतचा बूट तासन्‌तास उतरवता येत नाही, तिथे ती विशेष रूढ आहे. लोकर थंडीतच वापरायची, हा समज इतका पक्का असतो की ऐन उकाड्यात लोकरीचे मोजे ही कल्पना ऐकणाऱ्याला आधी थट्टाच वाटते. वास्तविक मोजा किती उबदार हे मुख्यतः त्याच्या जाडीवर आणि त्यात अडकून राहणाऱ्या हवेवर ठरते. पातळ विणीचा मेरिनो मोजा तेवढ्याच जाडीच्या सुती मोज्यापेक्षा जाणवण्याइतका गरम होत नाही.

दुसऱ्या टोकाचा समजही तितकाच फसवा आहे. मेरिनो मोजे पाय कोरडे ठेवतात असे विक्रेते हमखास सांगतात. दमट उन्हाळ्यात बंद बुटातला पाय कोणत्याच मोज्याने कोरडा राहत नाही. ओला झालेला पाय शाबूत राहावा, एवढेच या मोज्याकडून अपेक्षित असते आणि तेवढे तो इतरांपेक्षा बरे करतो.

तंतूची रचना

मेरिनो ही मेंढीची जात स्पेनमध्ये नावारूपाला आली. या मेंढ्या देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून तिथल्या राजवटीने शतकानुशतके काळजी घेतली. अठराव्या शतकात ही बंधने सैल झाली आणि १७९७ मध्ये मेरिनो मेंढ्या ऑस्ट्रेलियात पोचल्या. आज बारीक लोकरीचे सर्वांत मोठे उत्पादन त्याच देशात होते.

लोकरीचा बारीकपणा मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजतात. मोज्यांसाठी वापरली जाणारी मेरिनो लोकर साधारण १७ ते २१ मायक्रॉन जाडीची असते. माणसाचा केस याच्या तिप्पट-चौपट जाड भरतो. तंतू ३० मायक्रॉनच्या पुढे गेला की त्याचे टोक त्वचेला लागून वाकत नाही, टोचते. जाड्याभरड्या लोकरीची खाज येते ती यामुळे, आणि मेरिनो उघड्या कातडीवर चालते तेही यामुळेच.

लोकरीचा तंतू केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या पृष्ठभागावर एकमेकांवर चढलेले सूक्ष्म खवले असतात आणि त्यांच्यावर स्निग्ध पदार्थाचा अतिशय पातळ थर. हा थर पाण्याचा थेंब सहजी आत घेत नाही. बाष्प मात्र खवल्यांच्या आतल्या भागात शिरते आणि प्रथिनाच्या रेणूंना चिकटून राहते. २० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असताना लोकर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणी धरून असते. त्याच हवेत कापूस ७ ते ८ टक्के, नायलॉन ४ टक्क्यांच्या आसपास आणि पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. हवा बाष्पाने संपृक्त झाली तर लोकर वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश पाणी पोटात घेते, तरी हाताला ती चिंब लागत नाही, कारण पाणी तंतूंच्या मध्ये साचलेले नसून तंतूंच्या आत असते.

बुटाच्या आत काय घडते

शरीरात घर्मग्रंथी सर्वांत दाट असतात त्या तळहातांवर आणि तळपायांवर. उघड्या पायाचा घाम उडून जातो. बुटातला घाम आधी मोज्यात जातो, मग बुटाच्या आतल्या हवेत, आणि तिथून बाहेर पडायला त्याला बाष्पदाबातला फरक लागतो. दमट हवामानाची सारी अडचण या फरकात आहे. बुटातली हवा ३५ अंशांवर संपृक्त आहे असे धरले तर तिचा बाष्पदाब सुमारे ५.६ किलोपास्कल होतो. बाहेर १० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर तिथला दाब जेमतेम ०.७ किलोपास्कल, म्हणजे बाष्पाला बाहेर रेटायला जवळपास ४.९ किलोपास्कलचा फरक मिळतो. बाहेर ३० अंश आणि ९० टक्के आर्द्रता असली तर बाहेरचाच दाब ३.८ किलोपास्कल आणि फरक उरतो १.८. थंड प्रदेशात उत्तम ‘श्वास घेणारे’ म्हणून नावाजलेले, गोअर-टेक्ससारखे पापुद्रे लावलेले जलरोधक बूट पावसाळी जंगलात आतून ओले का होतात, याचे उत्तर या दोन आकड्यांत मिळते. पापुद्रा खराब झालेला नसतो. बाष्प ज्या बाजूला ढकलायचे, तिकडेही बाष्पच भरलेले असते.

अशा बुटात मेरिनो मोजा नेमके किती साधतो, तेही हिशेबाने पाहता येते. निव्वळ लोकरीचा एक मोजा ४० ग्रॅमचा धरू. कोरड्या खोलीतून निघताना त्याच्यात १६ टक्के पाणी आहेच, आणि एक-तृतीयांशाची मर्यादा गाठेपर्यंत तो आणखी साधारण सहा ग्रॅम बाष्प सामावून घेईल. मात्र रात्रभर ९० टक्के आर्द्रतेत टांगलेला मोजा सकाळी पायात चढवतानाच अर्धाअधिक भरलेला असतो, मग शिल्लक राहते तीनेक ग्रॅमची जागा. बाजारातल्या मोज्यांत नायलॉनही असतेच, त्यामुळे खरा आकडा याहून लहान. उकाड्यात ओझे घेऊन चढ चढणाऱ्या माणसाचा पाय एवढा घाम थोड्या वेळात गाळतो. त्यापुढे लोकर आणि इतर धागे यांच्यातला फरक घाम शोषण्यात उरत नाही. तो दिसतो तो ओल्या मोज्याच्या वागण्यात.

ओला सुती मोजा फुगतो, चपटा होतो, त्याचा लवचिकपणा जातो आणि तो टाचेला चिकटून बसतो. लोकरीच्या तंतूला जन्मजात नागमोडी वळण असते. ओला झाल्यावरही ते बऱ्यापैकी टिकते, म्हणून मोज्याची गादी दबून सपाट होत नाही आणि त्वचेला लागून थोडी हवा खेळती राहते. पॉलिएस्टरचा मोजा लोकरीपेक्षा लवकर सुकतो, ही गोष्ट मेरिनोचे चाहते सहसा सांगत नाहीत.

वासाच्या बाबतीत मात्र लोकरीची बाजू निर्विवाद आहे. पायाला येणारा वास मुळात घामाचा नसतो. त्वचेवरचे जीवाणू घामातल्या आणि मृत त्वचेतल्या घटकांचे विघटन करतात, त्यातून आयसोव्हॅलेरिक आम्लासारखी बाष्पनशील द्रव्ये सुटतात. लोकर ही द्रव्ये तंतूत धरून ठेवते, पॉलिएस्टर ती हवेत सोडून देते. सलग दोन-तीन दिवस तेच मोजे वापरायची वेळ आली तर हा फरक सोबत्यांच्याही लक्षात येतो.

त्वचेवरील परिणाम

घासून येणारा फोड हा केवळ बाहेरून खरडल्याने येत नाही. हाड पुढे-मागे सरकते, कातडी मोज्याला धरून जागच्या जागी राहते, आणि मधल्या थरांना वारंवार ताण बसून तिथे पोकळी तयार होते. किंचित ओलसर त्वचेचे घर्षण कोरड्या त्वचेपेक्षा जास्त असते, म्हणून घामेजल्या पायाला फोड लवकर येतात. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या मरीन दलातल्या प्रशिक्षणार्थींवर झालेल्या चाचणीत आत पातळ पॉलिएस्टरचा आणि वर जाड लोकरमिश्रित असे दोन मोजे घालणाऱ्यांना नेहमीचा एकच लष्करी मोजा घालणाऱ्यांपेक्षा फोडांचा त्रास कमी झाला. घसरण त्वचेवर न होता दोन मोज्यांच्या मध्ये होते, हे त्यामागचे कारण. नेहमीच्या मोज्याच्या आत नुसते पातळ अस्तर घातले तरीही गंभीर फोडांबाबत फायदा दिसला होता, त्यामुळे त्याचे सगळे श्रेय लोकरीला देता येत नाही.

ओल दिवसेंदिवस टिकली तर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, तळव्याच्या कातडीला जीवाणूंमुळे बारीक खड्डे पडतात आणि नायट्यासारखे बुरशीजन्य विकार बळावतात. मेरिनो मोजा हे टाळतो असे म्हणता येणार नाही.

लष्करी अनुभव

पहिल्या महायुद्धात थंड पाण्याने भरलेल्या खंदकांत उभे राहून सैनिकांचे पाय सडले. गरम पाण्यानेही पाय निकामी होतो, हे मोठ्या प्रमाणावर दिसले ते व्हिएतनाम युद्धात. भातखाचरांतून आणि दलदलीतून एक ते तीन दिवस चालल्यावर तळवे पांढरे पडत, त्यांवर खोल सुरकुत्या येत आणि पाऊल टेकवणे अशक्य होई. त्या युद्धातल्या जंगल बुटाचा वरचा भाग नायलॉन-कॅनव्हासचा होता आणि पाणी निथळून जावे म्हणून आतल्या बाजूला कमानीजवळ जाळीची छिद्रे ठेवलेली होती. आत घालायला मिळणारे मोजे लोकर, कापूस आणि नायलॉन यांच्या मिश्रणाचे होते. लोकर असूनही पाय खराब व्हायचे ते झालेच. उपाय सापडला तो वेळेच्या शिस्तीत. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात लढणाऱ्या अमेरिकी तुकड्यांनी पाण्यातल्या मोहिमा सुमारे दोन दिवसांपुरत्या मर्यादित ठेवून मधे पाय सुकवायला अवधी द्यायला सुरुवात केली.

मोज्याची निवड

शंभर टक्के मेरिनोचा मोजा ऐकायला चांगला वाटतो, पण तो टिकत नाही. ओली लोकर कोरड्या लोकरीपेक्षा कमकुवत असते (कापसाचे याच्या उलट आहे), आणि बुटाची टाच ओल्याच मोज्याला घासत असते. म्हणून चांगल्या मोज्यात निम्मी ते पाऊणपट लोकर, बाकी नायलॉन आणि ताणासाठी थोडा इलॅस्टेनचा धागा असतो. उकाड्यासाठी पातळ किंवा मध्यम वीण घ्यावी. तळव्याखाली टॉवेलसारख्या वेढ्यांची गादी आणि पायाच्या वरच्या बाजूला विरळ जाळीदार वीण असेल तर उत्तम. मोजा उलटा करून बोटांजवळच्या शिवणीवरून नख फिरवावे. जिथे नख अडते तिथेच संध्याकाळी फोड येतो. टाच उजेडासमोर धरली की नवा मोजा आणि झिजलेला मोजा यांतला फरक कळतो, झिजलेल्यात लोकर गळून नुसती नायलॉनची जाळी उरलेली दिसते.

उंची निदान बुटाच्या गळ्याइतकी हवी. मोजा सैल नको, कारण ओला झाल्यावर सैल कापड बोटांखाली गोळा होते. उष्णतेने पाय सुजतात, हे बूट घेतानाच लक्षात घ्यायला हवे. आधीच घट्ट असलेल्या बुटात जाड मोजा कोंबणे हा फोडांना दिलेला परवाना आहे.

बुटाची निवड मोज्याइतकीच, बहुधा त्याहून महत्त्वाची ठरते. अस्तराविना चामड्याचा किंवा कापडी जाळीचा बूट या हवेत जलरोधक बुटापेक्षा बरा. वारंवार ओढे ओलांडायचे असतील तर पाणी निथळून जाणारा बूट आणि त्यात पातळ नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा मोजा ही जोडी मेरिनोपेक्षा सोयीची पडते. गमबुटात कोणताही धागा फार काही करू शकत नाही.

वापर आणि देखभाल

जाणकार मंडळी किमान तीन जोड बाळगतात: एक पायात, एक वाळत, आणि एक फक्त झोपताना घालायचा, कोरड्या पिशवीत. दुपारच्या थांब्यात बूट-मोजे काढायचे, बुटाचे आतले तळ बाहेर काढून ठेवायचे, पाय सुरकुत्या विरेपर्यंत उघडे ठेवायचे, मग मोजे बदलायचे. मोज्याच्या प्रकारापेक्षा या अर्ध्या तासाने जास्त फरक पडतो. ओला जोड पाठपिशवीवर बाहेर लटकवतात, पण आभाळ भरलेले असेल तर तो वाळत नाही. मग अंगाच्या उबेने सुकवण्यासाठी सदऱ्याच्या आत ठेवणे एवढाच मार्ग उरतो.

बहुतेक मेरिनो मोज्यांवर खवले बोथट करणारी प्रक्रिया केलेली असते, म्हणून ते यंत्रात धुतले तरी आटून घट्ट होत नाहीत. तरीही पाणी ३० ते ४० अंशांचे असावे, मोजे उलटे करून धुवावेत आणि पिळू नयेत. क्लोरीनचे ब्लीच आणि प्रथिने पचवणारी विकरे असलेली साबण-पावडर लोकरीला खाते. इथेच एक पेच आहे. चिखल्या किंवा नायटा झाला असेल तर बुरशीचे बीजाणू मारायला कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवावे लागतात, आणि ते लोकरीला सोसत नाही. त्यामुळे संसर्ग बरा होईपर्यंत मेरिनो बाजूला ठेवून गरम पाण्यात धुता येणारे मोजे वापरणे शहाणपणाचे. बाजूला ठेवतानाही मोजे धुऊन, पूर्ण वाळवून, बंद डब्यात ठेवावेत. घामाचा डाग राहिलेल्या लोकरीला कसर आधी लागते.