रेंगाळणारी नजर

"या पेनाकडे बघा. आता माझ्या बोटाकडे." मेंदूविकारतज्ज्ञांची ही तपासणी बिनखर्चाची. एरवी बुबुळ एका उडीत पेनावरून बोटावर जातं. ही उडी इतकी झटपट असते, की आरशात आपल्याच एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे पाहिलं तरी डोळे हललेले आपल्याला दिसत नाहीत. काही रुग्णांचं बुबुळ मात्र सावकाश सरकत जातं. मधला सगळा प्रवास समोरच्याला दिसतो.

चालताना झोक जाणं, बोलणं अडखळणं हे 'अटॅक्सिया'त, म्हणजे लहान मेंदूच्या विकारांत, नेहमीचंच. पण नजरही मंदावलेली अशी नऊ कुटुंबं मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी डॉ. स्वामी यांनी १९७१ साली जगापुढे मांडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनमध्ये जगात पहिल्यांदाच एका रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. म्हणजे वाडियांच्या हाती होते ते फक्त डोळे, रुग्णांचे आणि स्वतःचे! पुढे अशा रुग्णांपैकी बऱ्याच जणांचा आजार 'एससीए २' (स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, प्रकार २) या नावाने ओळखला जाऊ लागला. १९९६ साली त्याचं जनुक बाराव्या गुणसूत्रावर सापडलं. त्यात 'सीएजी' ही डीएनएच्या लिपीतली तीन अक्षरं बहुतेकांमध्ये लागोपाठ २२ वेळा येतात, रुग्णांमध्ये साधारण ३३ किंवा त्याहून जास्त. आई किंवा वडिलांना हा आजार असेल, तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी.

आता गंमत अशी, की नजरेचा वेग लहान मेंदू ठरवतच नाही. त्याचं काम नेम धरण्याचं. तो बिघडला की नजर लक्ष्याच्या पुढे जाते किंवा अलीकडेच थांबते. आडव्या उडीला वेग देतात त्या मेंदूच्या देठातल्या, 'पॉन्स' नावाच्या भागातल्या पेशी. एससीए २ मध्ये त्याही झिजतात.

एमआरआयमध्ये हे दोन्ही दिसतं. लहान मेंदूच्या घड्या पातळ होतात आणि मधल्या फटी रुंदावतात. बाजूने घेतलेल्या छेदात पुढे आलेलं पॉन्सचं पोट सपाट होतं. आडव्या छेदात कधी कधी पांढरी फुली उमटते. गुड फ्रायडेच्या बनपावावर असते तशीच, म्हणून तिचं नावही 'हॉट क्रॉस बन'. मात्र ही फुली इतर आजारांतही दिसते, त्यामुळे तेवढ्यावरून निदान करता येत नाही.

मंदावलेल्या नजरेवर रुग्ण आपली युक्ती शोधतात. वाचताना ओळ संपली की नजर पुढच्या ओळीच्या सुरुवातीला न्यायला पापणी मिटतात, नाहीतर मानेलाच झटका देतात.