शॉकअप धक्का खात नाही

वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजात गेल्या महिन्यात दोन तास बसायचा योग आला. तो आणला भाचीने. ती खारघरला राहते, जुनी हॅचबॅक चालवते आणि सध्या तिला ऑटोक्रॉसचं वेड लागलंय. मोकळ्या मैदानात किंवा मोठ्या पार्किंगमध्ये प्लास्टिकचे शंकू मांडायचे आणि त्यांच्यामधून एकेकाने घड्याळ लावून गाडी काढायची. शंकू पाडला की वेळेत दंड. अमेरिकेत एका शंकूला २ सेकंद. आपल्याकडे हा खेळ मातीवरही चालतो. वेग फार नसतो, गाडी बहुतेक दुसऱ्या गिअरमध्येच असते, पण एक वळण सरतंय न सरतंय तोच उलटं वळण येतं.

"मामा, कडक स्प्रिंगा टाकल्या की गाडी कलणार नाही. कलली नाही की वजन बाहेरच्या चाकांवर जाणार नाही. म्हणजे पकड वाढली. बरोबर ना?"

३५ वर्षं फिजिक्स शिकवल्यावर एवढं नीटनेटकं चुकीचं उत्तर ऐकलं की मला आनंदच होतो. बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. गाडी १००० किलोची धर. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर वर, डाव्या-उजव्या चाकांमध्ये १४८ सेंटिमीटर अंतर. वळणावर आडवं त्वरण गुरुत्वाच्या ०.८ पट. आता १००० गुणिले ०.८ गुणिले ५५ भागिले १४८. उत्तर जवळजवळ ३०० किलो. सरळ जाताना दोन्ही बाजूंना ५००-५०० असलेलं वजन वळणात बाहेर ८०० आणि आत २०० होतं.

"यात स्प्रिंग कुठाय?"

नाहीच. गाडी कलल्याने गुरुत्वमध्य जरासा बाहेर सरकतो तेवढाच काय तो फरक, आणि तो किरकोळ. वजन सरकायचं ते सरकतंच. ते कमी करायचं तर गाडी बुटकी करा, रुंद करा नाहीतर हळू चालवा.

मग स्प्रिंग करते काय? ते ३०० किलो पुढच्या चाकांनी किती झेलायचे आणि मागच्यांनी किती, ही वाटणी तिच्या हातात असते. आणि ही वाटणीच सगळा खेळ आहे, कारण टायर मोठा लबाड. त्याच्यावर दुप्पट वजन टाकलं तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. त्यामुळे पुढे असो वा मागे, ज्या जोडीत डाव्या-उजव्या चाकांवरच्या वजनात जास्त तफावत पडते, ती जोडी आधी घसरते. आपल्या हॅचबॅक नाकाने जड. इंजिन पुढे आणि चाकंही पुढचीच ओढणारी. स्टिअरिंग कितीही वळवा, नाक बाहेरच जातं. अशा गाडीचं मागचं टोक थोडं कडक केलं की वाटणी मागे सरकते आणि पुढच्या टायरना श्वास मिळतो. स्पर्धांच्या फोटोंत अशा गाड्यांचं आतलं मागचं चाक हवेत दिसतं, ते याचमुळे.

एवढ्यात उस्तादांनी तिच्या गाडीचा काढलेला शॉकअप टेबलावर उभा केला आणि दांडा दाबला. पहिली दोन बोटं दांडा बिनविरोध आत गेला, मग एकदम जड झाला. वरच्या सीलभोवती तेलाचा काळपट, धूळ चिकटलेला कडा. "ताई, हा बसलाय," ते म्हणाले. ठाणे-बेलापूर रोडच्या उड्डाणपुलांच्या सांध्यांवर गाडी होडीसारखी डोलते म्हणून तिची तक्रार होतीच.

शॉकअप हे नावच फसवं. धक्का खाते ती स्प्रिंग. खाते आणि साठवते, आणि मग सावकारासारखी परत मागते. म्हणून एका गतिरोधकावर गाडी चारदा झुलते. शॉकअप ही झुलणी मारतो. आतला पिस्टन तेलातून सरकतो, तेलाला बारीक भोकांतून आणि पत्र्याच्या पातळ चकत्यांखालून वाट काढावी लागते, आणि झुलण्याची ऊर्जा उष्णता होऊन जाते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअप हाताला गरम लागतो तो त्यामुळे. घरी बघायचं असेल तर रबरबँडला कुलूप टांगून झुलवा. मग तेच कुलूप पाण्याच्या तांब्यात बुडवून झुलवा, आणि बायको बघत नसेल तर गोडेतेलात.

पण तेल फार घट्ट झालं तरी पंचाईत. खड्ड्यात गेलेलं चाक वेळेत वरखाली होत नाही, आणि हवेतल्या टायरला पकड कसली? झुलणी पुरती मारायला जेवढा विरोध लागतो त्याला १ म्हटलं, तर साध्या गाड्यांत तो ०.२५-०.३ च्या आसपास असतो, स्पर्धेच्या गाड्यांत ०.६-०.७.

भाचीला खरी गरज याचीच आहे. ताशी ४५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. शंकू १८ मीटरवर असतील तर दर दीड सेकंदाने गाडी डावीकडून उजवीकडे. आधीच्या वळणाची डोलणी संपायच्या आत पुढचं वळण. इथे वजन किती सरकतं यापेक्षा किती झटकन सरकून थांबतं याला महत्त्व, आणि ते शॉकअपच्या हाती. या खेळात हळू वेग, जलद वेग म्हणतात तेही गाडीचे नव्हेत, दांड्याचे. गाडी कलते तेव्हा दांडा हळू सरकतो, चाक खड्ड्यात आपटतं तेव्हा झपकन. चांगला शॉकअप हळू सरकताना ताठ आणि जलद सरकताना नरम असतो. पावसाळ्यानंतर घोडबंदर रोडने जाणाऱ्याला याचं मोल सांगायला नको.

स्प्रिंगा कापून गाडी बसकी करायची हौस मात्र मी तिथेच मोडून काढली. सहा वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग २० टक्के कडक होते, पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. तारेचं तर विचारूच नका: जाडी १२ मिलिमीटरची १३ केली की कडकपणा ३८ टक्के वाढतो, कारण तिथे जाडीचा चौथा घात लागतो. त्यात शॉकअप मूळचाच ठेवला तर भर वळणात दांडा बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटी अडवणाऱ्या रबरावर टेकतो, ते चाक क्षणात दगड होतं आणि घसरतं. शिवाय पुढे स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र खांब, असलेल्या गाडीत बसकेपणाचा उलटा प्रकार होतो. गुरुत्वमध्य जेवढा खाली येतो त्याहून जास्त खाली, गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू जातो, दोघांतलं अंतर म्हणजे गाडीला कलवणारी तरफ लांब होते, आणि थोडी बसकी केलेली गाडी कलायला जास्तच ओढ घेते.

कायद्याचंही सांगितलं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळे बदल मालकाला परस्पर करता येत नाहीत. रोज ऑफिसला न्यायची गाडी असेल तर हे आधी वाचावं.

शेवटी मूळ मापाचे नवे चार शॉकअप आणि अलाइनमेंट एवढंच ठरलं. मैदानातला पहिला प्रयोग फुकटातला. टायरच्या बाजूवर कडेपासून तळव्यापर्यंत खडूची रेघ मारायची, एक फेरी मारायची आणि रेघ कुठवर पुसली ते बघायचं. बाजूवरची रेघही पुसली म्हणजे टायर दुमडतोय, हवा वाढवा. तळव्याच्या कडेपर्यंतही पुसली नाही तर हवा जास्त झाली, थोडी सोडा.

"खडू कुठून आणू आता?" ती म्हणाली.

माझ्या शर्टाच्या खिशात दोन होते.