गट आणि गण: एकाच दिवशी दोन मतं कशाची?

१६ फेब्रुवारी २०१७. मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत त्या दिवशी जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचं मतदान होतं. आमच्या गावात शाळेच्या खोलीत बूथ होता. चुलती आत गेली, एक बटण दाबलं आणि पदर सावरत बाहेर निघाली. मतदान अधिकाऱ्यांनी हाक मारली, "मावशी, थांबा. अजून एक मत राहिलंय." चुलती गोंधळली, परत फिरली, दुसऱ्या उमेदवार-यादीत तेच चिन्ह शोधून दाबलं, तेव्हा कुठं लांब शिट्टी वाजली. घरी येताना म्हणाली, "एकालाच दोनदा मत कशाला द्यायला लावतेत रे?"

मलाही धड उत्तर देता आलं नाही. "एक गटाचं, एक गणाचं," एवढं म्हणून मी मोकळा झालो. गट म्हणजे काय आणि गण म्हणजे काय हे मला पुढं वडिलांच्या विहिरीच्या फायलीमागं फिरताना कळलं. ते आधी कळलं असतं तर आमचे सात-आठ महिने वाचले असते.

गोंधळाची सुरुवात शब्दांपासूनच होते. आपल्याकडं 'गट' हा शब्द किती ठिकाणी चिकटलाय बघा. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, बायकांचा बचत गट असतो, गावातल्या राजकारणात ह्याचा गट आणि त्याचा गट असतो. त्यात गटविकास अधिकारी. हे साहेब बसतात पंचायत समितीत आणि बघतात सगळा तालुका. मतदानातला गट मात्र जिल्हा परिषदेचा. म्हणजे नावात गट असलेला अधिकारी पंचायत समितीचा, आणि गटातून निवडून आलेला मेंबर जिल्हा परिषदेचा. माणूस चुकेल नाहीतर काय! सरकारी अधिसूचनेत गटाला 'निवडणूक विभाग' आणि गणाला 'निर्वाचक गण' म्हणतात, पण पारावर हे शब्द कुणी वापरत नाही.

नकाशा मात्र सोपा आहे. जिल्ह्याचा ग्रामीण भाग गटांत वाटलेला असतो आणि प्रत्येक गटाचे बरोबर दोन गण असतात. गटातून एक जण जिल्हा परिषदेवर जातो, प्रत्येक गणातून एकेक जण पंचायत समितीवर. आमच्या धाराशिव जिल्ह्यात ५५ गट, म्हणून ११० गण. हिंगोलीत ५२ गट, १०४ गण. जिल्हा परिषद जिल्ह्याला एकच असते. पंचायत समित्या तालुक्यागणिक, म्हणजे धाराशिव जिल्ह्यात आठ. त्यामुळं तीन किलोमीटरवरच्या शेजारच्या गावाचा आणि तुमचा गट एक असला तरी गण वेगळा असू शकतो. मेहुण्यानं फोनवर ज्या गणाच्या उमेदवाराचं कौतुक केलं, त्याचं नाव तुमच्या यंत्रावर नसतंच.

आता विहिरीची गोष्ट. रोजगार हमीतून सिंचन विहीर मिळावी म्हणून वडिलांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. ग्रामसभेत ठराव झाला. मग फाईल अडली. वडील जिल्हा परिषदेच्या मेंबरच्या दारी गेले. एकदा नाही, पाच-सहा वेळा. मेंबर चहा पाजायचे, "बघतो, बोलतो" म्हणायचे. मोठा माणूस, गाडीवर झेंडा, त्यांच्याच हातात सगळं असणार असं वडिलांना वाटायचं. फाईल मात्र तालुक्याला पंचायत समितीत, एका टेबलावर पडून होती. तांत्रिक मान्यता, मग गटविकास अधिकाऱ्यांची प्रशासकीय मान्यता, हा सगळा प्रवास त्याच इमारतीतला. आमच्या गणाचा मेंबर कोण हे वडिलांना आठवेना. मलाही आठवेना. आम्ही दोघांनी त्याला मत दिलं होतं की नाही, तेही सांगता आलं नसतं, कारण दुसरं बटण आम्हीही चुलतीसारखंच दाबलं होतं.

गावातल्या माणसाला तालुक्याच्या ज्या दारात सारखं उभं राहावं लागतं, ते दार पंचायत समितीचं. घरकुलाचा हप्ता का थांबला, जॉब कार्डवर हजेरी का चढली नाही, गोठ्याचं मोजमाप कधी होणार, ग्रामसेवक आठवड्यातून किती दिवस गावात येतो, शाळेवर गुरुजी कमी आहेत तर गटशिक्षणाधिकारी काय करतात, हे सगळे प्रश्न तिथले. आणि उन्हाळ्यात टँकर. मार्च लागला की आपल्याकडं विहिरी तळाला जातात. टँकरचा प्रस्ताव ग्रामपंचायतीतून पंचायत समितीत येतो, तहसीलदार आणि गटविकास अधिकारी मिळून पाहणी करतात, मग मंजुरी. त्या आठवडाभरात आपल्या गावासाठी कुणी तिथं जाऊन बसलं तर फरक पडतो. बसणारा माणूस गणाचा असतो, निदान असायला पाहिजे.

जिल्हा परिषदेचा पसारा मोठा, आणि त्यातला बराचसा गावात राहून दिसत नाही. शाळेची इमारत, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र, गावाला जोडणारे ग्रामीण रस्ते, पाझर तलाव, जनावरांचे दवाखाने, अंगणवाड्या हे विषय जिल्हा परिषदेचे. स्थायी समिती, शिक्षण, आरोग्य, बांधकाम, कृषी, समाजकल्याण, महिला व बालकल्याण, अशा तिच्या समित्या असतात आणि पैसा कुठल्या गावाकडं वळवायचा हे पुष्कळदा त्या समित्यांत ठरतं. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातला २० टक्के वाटा मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला आणि बालकांसाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. शिलाई मशीन, पिठाची गिरणी, कडबाकुट्टी ह्यांचे अर्ज गावात फिरतात ते बहुतेक ह्याच पैशातले. आपल्या गटाच्या मेंबरनं हे अर्ज कधी आणले, कुणाकुणाला दिले, हा प्रश्न मत मागायला आल्यावर जरूर विचारावा. शिवाय जिल्हा नियोजन समितीवर कोण जाणार हे ठरवताना जिल्हा परिषदेचे सदस्य मत देतात. पंचायत समितीच्या साध्या सदस्याला तो अधिकार नाही. पंचायत समितीचा प्रमुख, म्हणजे सभापती, मात्र पदामुळं जिल्हा परिषदेवर बसतो, म्हणून सभापती कोण होणार ही बाब फक्त तालुक्यापुरती राहत नाही.

लोहारा, वाशीसारख्या छोट्या तालुक्यात तर गण इतके कमी असतात की दोन हातांच्या बोटांवर मोजून होतात. तिथं एका गणाचा निकाल फिरला तर सभापती फिरतो. जिल्हा परिषदेत पन्नासाच्या वर सदस्य असतात, तिथं एकट्या मेंबरचं वजन त्या मानानं कमी. मला वाटतं, लोकांनी हा हिशेब उलटा धरलाय. मोठ्या इमारतीतलं मत मोठं, तालुक्यातलं मत भरतीचं, असं समजून चालतात.

हा समज आला कुठून, त्याचंही कारण आहे. १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीनं पंचायत राज्याची रचना सुचवली तेव्हा तालुक्याच्या पातळीवर, म्हणजे पंचायत समितीवर भर दिला होता. राजस्थान त्या वाटेनं गेलं. महाराष्ट्रानं वसंतराव नाईक समितीच्या शिफारशी मानल्या आणि जिल्हा परिषदेला बळ दिलं. १९६१ चा कायदा झाला, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या, आणि आपल्याकडं पंचायत समिती जिल्हा परिषदेच्या हाताखालची मानली जाऊ लागली. पैसाही त्याच हिशेबानं. पंचायत समितीला स्वतःचं उत्पन्न फारसं नाही, वरून येईल त्यावर चालायचं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले ८० टक्के ग्रामपंचायतींना, आणि पंचायत समितीला व जिल्हा परिषदेला १०-१० टक्के. म्हणजे तिजोरी लहान आहे हे खरं. पण गावाचं काम निम्म्या वेळा तिजोरीपाशी अडत नाही, टेबलापाशी अडतं, आणि टेबलं तालुक्याला असतात.

बैठकींचा फरकही बघा. जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावी लागते. पंचायत समितीची सभा दर महिन्याला. ज्याला वर्षाकाठी बारा वेळा अधिकाऱ्यांसमोर बसून तोंड उघडायची संधी आहे, त्याला आपण चिन्ह बघून निवडतो. गटात आणि गणात एकाच पक्षाला मत देऊ नये असं मी म्हणत नाही. दोन्हीकडं योग्य माणूस दिसला तर जरूर द्यावं. पण गटाच्या उमेदवाराला रस्त्याचं, दवाखान्याचं, शाळेचं विचारा, आणि गणाच्या उमेदवाराला विचारा की तुम्ही तालुक्याला आठवड्यातून किती दिवस असता, घरकुलाची यादी कधी वाचली, टँकरचा प्रस्ताव कसा जातो ते सांगा. दोघांना एकच प्रश्न विचारून उपयोग नाही. दोघांपैकी एकच पटला तर दुसरीकडं 'वरीलपैकी एकही नाही' हे बटण वेगळं असतंच. मत न देता बाहेर निघण्यापेक्षा ते दाबलेलं बरं.

२०१७ ला निवडून आलेल्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर ओबीसी आरक्षणाचा आणि गटरचनेचा वाद न्यायालयात चालला, निवडणुका लांबत गेल्या, आणि जिल्हा परिषद मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या, पंचायत समिती गटविकास अधिकाऱ्यांच्या हाती प्रशासक म्हणून राहिली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून सांगावं लागलं. त्या काळात आमच्या गावात लोकांची एक तक्रार सारखी कानावर यायची: "सांगायचं कुणाला?" मेंबर चांगला असो की वाईट, दारात जाऊन भांडायला माणूस तरी होता. साहेबाशी भांडता येत नाही, साहेब बदलून जातो. २०१७ ला जी पोरं पंधरा-सोळा वर्षांची होती ती एवढ्या काळात बापाच्या बरोबरीनं शेत बघायला लागली, पण गट-गणाचं मत त्यांच्या वाट्याला आलं नाही. त्यांना ही दोन बटणं कुणीतरी आधी समजावून सांगायला हवीत. बूथमध्ये समजावता येत नाही.

आणि एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. आपल्याकडं बीड, धाराशिव, जालन्याची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. मतदान हिवाळ्यात आलं की कोयता घेतलेली माणसं सांगली, कोल्हापूर, कर्नाटकात फडावर असतात. घरकुल, रोजगार हमी, अंगणवाडी, हंगामी वसतिगृह, ज्यांचं पोट ह्या योजनांवर जास्त अवलंबून, त्यांचीच मतं घरच्या बूथवर पडत नाहीत. दोन दिवसांची मजुरी बुडवून, भाडं भरून यायचं सोपं नाही, हे मान्य. तरीही टोळीतल्या चार-पाच जोड्या मिळून आल्या तर खर्च वाटला जातो, आणि लहान गणात शे-दीडशे मतांनी निकाल फिरू शकतो, हे मुकादमाला नव्हे, टोळीतल्या माणसाला ठाऊक असावं.

घरी म्हातारी माणसं असतील तर मतदानाच्या आठ दिवस आधी यादी बघून घ्या. कार्ड खिशात आहे म्हणजे नाव यादीत आहे असं नसतं. गट आणि गणासाठी विधानसभेचीच यादी गावांप्रमाणं फोडून वापरतात, त्यामुळं विधानसभेच्या यादीत नाव नसेल तर इथंही नसतं, आणि नोंदणीची तारीख उलटली की ऐनवेळी काही करता येत नाही. यादीवर आपला गट कुठला आणि गण कुठला हेही लिहिलेलं असतं. पुढच्या वेळी चुलतीला ते मी आधीच वाचून दाखवणार आहे.