फायटर माशाला बरणीभर पाणी पुरत नाही

क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास माशांच्या दुकानांत फायटर मासे छोट्या बरण्यांत ठेवलेले असतात. एका बरणीत एक नर, आणि दोन बरण्यांच्या मध्ये बऱ्याचदा पुठ्ठ्याचा तुकडा. पुठ्ठा काढला की दोघंही कल्ले फुगवून काचेवर धावतात. "याला फिल्टर नको, काही नको, हा वरची हवा घेतो," असं गिऱ्हाइकाला हमखास सांगितलं जातं. हवा घेतो हे अगदी खरं. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे आणि त्यापायी नीट सांभाळला तर दोन-तीन वर्षं जगणारा हा मासा कित्येक घरांत काही आठवड्यांतच दगावतो.

फायटर म्हणजे बेट्टा स्प्लेन्डेन्स. हे शास्त्रीय नाव चार्ल्स टेट रीगन यांनी १९१० मध्ये दिलं. मासा मूळचा थायलंडचा. तिथली भातखाचरं, पाणथळ जागा, उथळ आणि गवताने भरलेली डबकी हे त्याचं घर. २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मान्यता दिली. अशा कोमट, साचलेल्या, पालापाचोळा कुजणाऱ्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन फार थोडा असतो. त्यावर तोड म्हणून या कुळातल्या माशांच्या कल्ल्यांच्या वर 'लॅबिरिंथ' नावाचा अवयव तयार झाला. हाडाच्या पातळ घड्या, त्यांवर नाजूक त्वचा आणि त्वचेत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. मासा पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो आणि त्यातला ऑक्सिजन थेट रक्तात जातो. आपल्याकडच्या मरळ माशातही कल्ल्यांच्या वर हवा साठवून श्वास घेण्याची सोय असते. म्हणून बाजारात तो पाण्याबाहेरही बराच वेळ जिवंत दिसतो. मोठ्या झालेल्या फायटरला वर येऊच दिलं नाही, तर तो पाण्यात असूनही गुदमरतो.

पण लॅबिरिंथने सुटतो तो फक्त ऑक्सिजनचा प्रश्न. शरीरात तयार होणारा अमोनिया मासा कल्ल्यांवाटे पाण्यातच सोडतो. त्यात विष्ठा आणि न खाल्लेले दाणे कुजून आणखी भर पडते. बरणीभर पाण्यात हा अमोनिया झपाट्याने वाढतो आणि कल्ले जाळतो. दुसरा एखादा मासा अशा पाण्यात ऑक्सिजनअभावी आधीच धापा टाकू लागतो, त्यामुळे आपण सावध होतो. फायटर मात्र वर येऊन श्वास घेत राहतो, ठीकठाक दिसतो, आणि पाणी बिघडल्याचं लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. या माशाचा काटकपणाच त्याच्या मुळावर येतो, हे मला फार लागतं.

टाकी किमान पंधरा-वीस लिटरची घ्यावी. स्पंज फिल्टर लावावा, त्याचा प्रवाह मंद ठेवावा. स्पंजवर वाढणारे जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही वसाहत जमायला काही आठवडे जातात. स्पंज नळाखाली धुतला, तर क्लोरीनने ती मरते. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळावा. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावं, नव्या पाण्यात आधी अँटीक्लोरीन घालावं. तापमान २६ ते २८ अंश. कोकणात ते बहुतेक वर्ष आपोआप सांभाळलं जातं; पुण्या-नाशिकच्या थंडीत हीटर हवाच. पहिल्यांदा पाळणाऱ्याने आखूड परांचा 'प्लाकाट' घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. 'हाफमून'चे १८० अंशांत पसरणारे पर देखणे खरे, पण ते ओढत पोहताना मासा दमतो, पर फाटतात, आणि काही नर स्वतःचीच शेपटी कुरतडतात.

पिल्लं घ्यायची तर आणखी तयारी लागते. उथळ टाकी, साधारण दहा-पंधरा सेंटिमीटर पाणी. वर अर्धा कापलेला थर्माकोलचा पेला, किंवा रस्त्याकडेच्या देशी बदामाचं गळून वाळलेलं पान तरंगत सोडायचं. पानातल्या टॅनिनमुळे पाणी चहाच्या रंगाचं होतं. घाबरायचं कारण नाही. मादी आधी पारदर्शक बाटलीत ठेवून नराला नुसती दिसू द्यावी. नर हवेचे घोट घेतो आणि तोंडातल्या चिकट स्रावात गुंडाळून एकेक बुडबुडा पानाखाली सोडतो. तासाभरात फेसाचा थर दिसू लागतो. मादीच्या अंगावर उभे पट्टे आले आणि पोटाखाली पांढरा ठिपका दिसला, की ती तयार आहे. आडवे पट्टे असतील तर ती घाबरलेली आहे. तेव्हा सोडू नये.

मग नर घरट्याखाली मादीभोवती अंगाची कमान करून तिला विळखा घालतो. विळखा सुटतो, मादी क्षणभर निपचित तरंगते आणि पांढरी बारीक अंडी खाली पडू लागतात. नर लगबगीने खाली जातो, एकेक अंडं तोंडात गोळा करतो आणि वर नेऊन फेसात ठेवतो. हे काही तास पुन्हा पुन्हा चालतं. शेवटी तो मादीला हुसकावू लागतो. तेव्हा तिला लगेच बाहेर काढावं, नाहीतर तो जीव घेईल. पुढचं सगळं बापाचं काम. पडलेलं अंडं उचलायचं, फुटलेला बुडबुडा भरायचा. घरट्याचं कारणही ऑक्सिजनच: अंडी हवेला लागून राहतात. दीड-दोन दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि शेपटी खाली करून फेसाला लटकतात. आणखी दोन-तीन दिवसांनी ती आडवी पोहू लागली, की नरालाही काढावं.

पिल्लांना सुरुवातीला इन्फ्युसोरिया (पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजीव), मग आर्टेमिया या कोळंबीच्या जातकुळीतल्या बारीक जिवाची अंड्यांतून नुकतीच निघालेली पिल्लं द्यावीत. फायटरच्या पिल्लांत लॅबिरिंथ जन्मतः नसतो, पुढच्या काही आठवड्यांत घडतो. त्या काळात टाकी झाकून पाण्यावरची हवा उबदार आणि दमट ठेवावी.

फायटरचा भांडखोरपणा माणसाने निवड करून वाढवला आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार त्याचं माणसाळणं किमान हजार वर्षांपूर्वीचं आहे. जपानमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये आणखी एक विलक्षण गोष्ट मांडली: झुंजणाऱ्या दोन नरांच्या हालचाली एकमेकांशी जुळत जातात, आणि त्यांच्या मेंदूंतली जनुकांची कार्यरतताही. जबड्यात जबडा अडकला, तरी थोड्या वेळाने श्वासासाठी झुंज सोडून वर यावंच लागतं.

एका विणीतून शेकडो पिल्लं निघू शकतात. दोन-तीन महिन्यांत नर एकमेकांवर कल्ले फुगवू लागतात आणि प्रत्येकाला वेगळं भांडं, प्रत्येक भांड्याला वेगळं ताजं पाणी लागतं. म्हणून पिल्लं कोण नेणार, हे मादी सोडण्याआधीच ठरवावं. उरलेली विहिरीत किंवा तळ्यात सोडू नयेत. तो इथला मासा नाही.