चिक्की, घाट आणि टायरची पकड

भाच्याने गेल्या वर्षी सेकंड हॅन्ड दोन-सीटर स्पोर्ट्स कार घेतली. घरात सगळ्यांनी कपाळाला हात लावला, कारण सोसायटीत तिला पार्किंग नाही आणि बाहेर पुण्यात तिला पळायला रस्ता नाही, पण घेतली. मग एप्रिलमध्ये नाना पेठेत जाऊन टायर बदलले, दुकानदार म्हणाला साहेब हेच घ्या, ट्रॅकवर रेसवाले वापरतात, एकदम सॉफ्ट, रस्त्याला चिकटून चालतात, आणि मे महिन्यात खंबाटकीत गाडी खरंच अशी चिकटून चालली की पोरगं हवेत. जुलैत एका रविवारी सकाळी सहाला ताम्हिणीत, पाऊस बारीक, वेग ४०च्या आसपास, एका साध्या उजव्या वळणावर गाडीची मागची बाजू हळूच निसटली आणि गाडी अर्धी गिरकी घेऊन डोंगराकडच्या गटारात जाऊन टेकली. लागलं कुणालाच नाही, बंपर गेला. संध्याकाळी त्याचा फोन, "मामा, सगळ्यात ग्रिपवाले टायर होते रे, तरी कशी काय सरकली?"

मी वीस वर्षं भोसरीत ऑइल सील आणि रबरी बुश बनवण्यात काढली आहेत, त्यामुळे रबराचा विषय निघाला की घरचे हळूहळू खोलीतून उठून जातात. त्याला म्हटलं पुढच्या रविवारी ये, आणि येताना गुळाच्या चिक्कीचा एक पुडा आण. त्याला वाटलं मामाला खायचीय.

तर चिक्की. फ्रिजमधून काढलेली चिक्की वाकवायला गेलात की टचकन तुटते, काचेसारखी, आणि खरं सांगायचं तर चिक्कीतला पाक ही एक प्रकारची काचच असते, म्हणजे साखरेचे रेणू ओळीत नीट न बसता जसे होते तसे अस्ताव्यस्त गोठलेले. तीच चिक्की कोमट तव्यावर ठेवा, चामट होते, वाकते, बोटाला चिकटते. अजून तापवा, पातळ पाक. टायरचं रबर पाकासारखं वितळत नाही, पण काचेपणातून चामटपणात जाणं त्याचंही असंच असतं, फक्त ते तापमान शून्याच्या बरंच खाली असतं आणि ते नेमकं कुठे ठेवायचं हे टायर बनवणारा रबराचं मिश्रण बदलून ठरवतो. आता दुसरी गंमत बघा. कोमट चिक्की हळूहळू वाकवली तर वाकते, पण तीच ओट्यावर झटक्यात आपटली की तुकडे. म्हणजे झटका जितका जोरात आणि पटकन, तितकी ती प्रत्यक्षात आहे त्याहून थंड असल्यासारखी वागते. ही गोष्ट डोक्यात ठेवा, पुढे सगळं हिच्यावरच चालतं.

आता पकड म्हणजे काय. शाळेत शिकवलं होतं की घर्षण हे फक्त वजनावर अवलंबून असतं, किती जागा टेकलीय त्याच्याशी संबंध नाही. लाकूड, लोखंड यांना हे बऱ्यापैकी लागू पडतं, रबर मात्र तो धडा वाचूनच आलेलं नाही. डांबरी रस्ता जवळून बघितला तर खडीची टोकंच टोकं असतात. टायर त्यावर दाबला की रबर त्या टोकांभोवती पसरतं, आणि टायर जरासा सरकायला लागला की प्रत्येक टोकाच्या पुढच्या अंगाला रबर दाबलं जातं आणि मागच्या अंगाला त्याने परत मूळ जागी यायचं असतं. ते परत यायला आळस करतं. पुढून जोरात रेटा आणि मागून आळशी परतावा, या फरकामुळे गाडी धरली जाते. जे रबर लगेच उसळून परत येतं ते पकडत नाही, जे धप्पकन बसतं ते पकडतं. दोन चेंडू जमिनीवर टाकून बघा, एक टप्पे घेत खोलीभर पळतो आणि एक तिथेच धप्प होऊन बसतो, टायरला हा दुसरा पाहिजे. उसळीत न परतलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते, म्हणून ग्रिपवाला टायर पेट्रोलही जास्त खातो. त्यात कंपनीची लबाडी वगैरे काही नाही.

दुसरा प्रकार म्हणजे थेट चिकटणं. रबराचे लांबलचक रेणू दगडाला क्षणभर चिकटतात, ताणले जातात, सुटतात, पुढे परत चिकटतात. हे दोन प्रकार वेगळे आहेत हे १९६३ साली ग्रोश नावाच्या संशोधकाने फार छान दाखवलं. त्याने रबर गुळगुळीत काचेवर आणि खरखरीत पृष्ठभागावर वेगवेगळ्या तापमानाला आणि वेगाला, पण अगदी संथपणे, घासून बघितलं, आणि मग मध्ये मॅग्नेशियाची बारीक पूड भुरभुरली. पूड टाकल्यावर चिकटण्याचा भाग गळून पडला, आळसाचा भाग राहिला. हे वाचल्यापासून मला घाटात वळणाच्या कडेला साचलेली माती दिसली की तो ग्रोशच आठवतो. आणि पाण्याचा थर ही तशीच एक पूड समजा, त्याने चिकटणं जवळजवळ बंद होतं, मग सगळी भिस्त त्या आळसावर.

एक हिशेब. गाडी चालकासकट १४०० किलो धरली तर एका चाकावर साधारण ३५० किलो. टायरमध्ये हवा ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सव्वादोन किलो. भागाकार केला की एक टायर रस्त्याला टेकतो तो सुमारे १५५ चौरस सेंटीमीटर, आपलं पोस्टकार्ड असतं ना त्याच्यापेक्षा जरासा मोठा तुकडा. अशी चार पोस्टकार्डं, ब्रेक, वळण, पिकअप सगळं त्यांच्यावर. आता रुंद टायर घातला तर हे क्षेत्रफळ फारसं वाढत नाही, कारण हवेचा दाब तोच आहे, फक्त तुकडा लांबट होता तो आडवा होतो. तरीही रुंद टायरने वळणावर फायदा होतो, आणि रबरावर वजन दुप्पट केलं तर पकड दुप्पट होत नाही, कमीच वाढते, त्यामुळे वळणावर बाहेरच्या दोन चाकांवर सगळं ओझं गेलं की एकूण पकड घटते, म्हणून स्पोर्ट्स कार बुटकी आणि पसरट ठेवतात. पण पाण्यात रुंद टायर उलटा त्रास देतो, ते पुढे येतंच.

आता ताम्हिणी. भाच्याने घेतलेले ते सेमी-स्लिक, म्हणजे ट्रॅकसाठीचे, फार थोडी नक्षी असलेले टायर. त्यांचं रबर असं बनवलेलं असतं की ट्रॅकवर चार-पाच चकरा मारून टायर ८०-९० डिग्रीला गेला की ते कोमट चिक्कीसारखं होतं. मे महिन्यात दुपारी डांबरच ५०-६० डिग्रीला असतं, त्यात हा जोरात चालवणार, मग काय, चिकटलीच गाडी. जुलैत सकाळी सहाला, धुक्यात, ओल्या रस्त्यावर, पाणी टायरला सतत गार करतंय आणि वेग ४०, तो टायर कधी तापणारच नाही. त्यात रस्त्याच्या खडीचे झटके सेकंदाला हजारो, लाखो, आणि झटका पटकन बसला की रबर अजून थंड असल्यासारखं वागतं हे आपण ओट्यावर बघितलंच. म्हणजे भाचा फ्रिजमधल्या चिक्कीवर घाट उतरत होता.

याच कारणाने टायरच्या रबराची ओली पकड कशी असेल याचा अंदाज प्रयोगशाळेत शून्य डिग्रीच्या आसपास मोजून घेतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो, शून्य डिग्री पुण्यात कुठे? पण मशीन रबराला सेकंदाला दहा-वीसच हेलकावे देतं, आणि रस्ता त्याच्या कितीतरी पट, तर तो वेगाचा फरक तापमान उतरवून भरून काढायचा. आणि टायर गोल फिरताना जो दबतो-सुटतो, १०० च्या वेगाला सेकंदाला साधारण चौदा वेळा, त्याचा पेट्रोलवरचा परिणाम ६० डिग्रीला मोजतात. म्हणजे एकच रबर ० ला आळशी पाहिजे आणि ६० ला उत्साही पाहिजे. काळ्या काजळीवर हे जमत नव्हतं, एक सुधारलं की दुसरं बिघडायचं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मिशेलिनने रबरात सिलिका, म्हणजे वाळूचीच सख्खी बहीण, मोठ्या प्रमाणात घातली, ती रबराला घट्ट धरून राहावी म्हणून मध्ये एक दुवा जोडणारं रसायन घातलं, आणि दोन्ही बऱ्यापैकी एकत्र मिळायला लागलं. आज चांगला रोड-स्पोर्ट टायर पावसात इतका धरतो त्यात सिलिकाचा मोठा वाटा आहे. जाहिरातीत मात्र नक्षीच दाखवतात, कारण सिलिका दिसत नाही.

नक्षीचं काम वेगळंच आहे. कोरड्या रस्त्यावर नक्षी म्हणजे वाया गेलेलं रबर, म्हणून रेसचे टायर गुळगुळीत असतात, आणि म्हणूनच झिजून गोटा झालेला टायर एप्रिलमध्ये मस्त चालतो आणि जूनमध्ये दगा देतो. नक्षी पाणी बाहेर काढायला असते. १०० च्या वेगाला टायरचा एखादा ठिपका रस्त्याला टेकून असतो चार-पाच हजारांश सेकंद, तेवढ्यात पाणी बाजूला सारायचं. नाही सारता आलं तर टायर पाण्यावर चढतो. नासाने १९६०च्या दशकात विमानाच्या टायरांवर प्रयोग करून ठोकताळा काढला, पीएसआयचं वर्गमूळ गुणिले साधारण १६.७, की टायर पाण्यावर चढतो तो वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. ३२ ला सुमारे ९४. हवा २४ वर आणली तर ८२. कारला तो तंतोतंत लागू नाही, पाणी किती साचलंय आणि नक्षी किती उरलीय त्यावर बरंच आहे, पण एक्स्प्रेसवेला मर्यादा १०० ची आहे एवढं लक्षात घ्या, आणि रुंद टायरला जास्त पाणी ढकलावं लागतं हेही. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटर उरली तरी चालते. मी पावसाळ्याआधी ३ च्या खाली असलेला टायर काढतोच, मग लोक कंजूष म्हणोत की उधळ्या.

भाच्याला पुन्हा कागदावर दाखवलं. वळणाची त्रिज्या ३० मीटर धर. पकडीचा आकडा, म्हणजे शाळेतला घर्षण गुणांक, ०.९ असेल तर ताशी ५९ ला गाडी सुटते, ०.५ ला ४४, आणि ०.४ ला ३९. या ढोबळ हिशेबात गाडी हलकी की जड याने फरक पडत नाही, वजन समीकरणातून उडून जातं. तू ४० वर होतास, त्यात जरासा ब्रेक लावलास की नाही? लावला होता. पकड ही एकच रक्कम असते, ब्रेकला दिली की वळणाला कमी उरते. बरं, सरळ रस्त्यावरचं बघ, १०० वरून थांबायला आकडा १ असेल तर ३९ मीटर, ०.८ असेल तर ४९. दहाच मीटर वाटतात ना? पहिली गाडी थांबली त्या जागी दुसरी अजून ४५ च्या वेगात असते. यावर तो बराच वेळ काही बोलला नाही, चिक्की खात होता.

मग घ्यायचा कुठला? आम्ही दोघं परत नाना पेठेत गेलो, यावेळी दुकान वेगळं. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, जे लिहिलेलं असतं ते वाचायचं, माणसाने सांगितलेलं नंतर. २२५/४५ आर १७ ९१ डब्ल्यू म्हणजे रुंदी २२५ मिलिमीटर, उंची त्याच्या ४५ टक्के, रेडियल, १७ इंची रिम, ९१ म्हणजे ६१५ किलोपर्यंत भार, डब्ल्यू म्हणजे २७० पर्यंतचा वेग. ट्रेडवेअरचा, म्हणजे झिजण्याचा, आकडा अमेरिकन पद्धतीतला, १०० च्या तुलनेत ३०० वाला चाचणीत तिप्पट टिकतो, पण हा आकडा कंपनी स्वतःच देते आणि तो पकडीचा नाही, फक्त अंदाज येतो की शंभरीतला बहुधा चिकट असणार आणि लवकर संपणार. शेजारी ट्रॅक्शनचं, म्हणजे पकडीचं, एए किंवा ए असतं, ते ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक मारून काढलेलं, वळणाचं त्यात काही नाही. युरोपातून आलेल्या टायरवर लेबल असेल तर ओल्या पकडीचा ग्रेड बघा, ए पासून ई पर्यंत, माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट तीच. आणि टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे, २६२४ असेल तर २०२४ चा २६वा आठवडा. रबर नुसतं पडून राहिलं तरी कडक होतं, दुकानदार चार वर्षांचा जुना माल डिस्काउंटमध्ये देतो तेव्हा तो उगाच उदार झालेला नसतो.

दुकानदाराने एक इंच मोठी रिम आणि ३५ चं प्रोफाइल सुचवून बघितलं, दिसायला भारीच दिसतं, पण कात्रजच्या एका खड्ड्यात साइडवॉलला फुगा आला की चारही टायरांची शोभा तिथेच संपते, म्हणून नको म्हटलं. नायट्रोजन पण नको म्हटलं, साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो. त्यापेक्षा सकाळी गाडी गार असताना दाब बघायचा, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलाय तेवढाच ठेवायचा, पाच-सहा डिग्री तापमान बदललं की साधारण एक पीएसआय इकडेतिकडे होतं.

शेवटी घेतला तो रोड-स्पोर्ट, ट्रेडवेअर ३०० च्या जवळचा, ओल्या पकडीला ए, कंपनीने दिलेल्याच मापात, चारही एकाच जातीचे. पहिले दीडदोनशे किलोमीटर सांभाळून चालव म्हटलं, साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेल्या पदार्थाचा अंश वरच्या थरावर राहतो तो आधी घासून जाऊ दे. ऑगस्टमध्ये तो परत ताम्हिणीला जाऊन आला, त्याच वळणावर थांबून फोटो पाठवला. काढलेले सेमी-स्लिक तो उन्हाळ्यासाठी जपून ठेवणार होता, टेरेसवर रचून ठेवलेत, पण ताई म्हणते उन्हाळा येईल तेव्हा बघू, तोवर त्यातल्या दोघांत तिने माती भरून अळू लावलंय.