बीआरएम आणि व्यावसायिक रोड रेस: एकाच शर्यतीतून फुटलेल्या दोन वाटा

रविवारी पहाटे नाशिकच्या गंगापूर रोडला किंवा त्र्यंबकच्या रस्त्यावर उभं राहिलं, की सायकलवाल्यांची रांग दिसते. कुणी २०० किलोमीटरच्या बीआरएमची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीची, तयारी करतंय, कुणी कसारा घाटाची. त्यांच्यात एखादा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा असतो आणि त्याचे आईवडील विचारतात, "यात करिअर होतं का?" हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या शहरात सायकलिंगच्या दोन वेगळ्या परंपरा, बीआरएमची आणि व्यावसायिक रोड रेसची, एकच समजल्या जातात.

दोन्हींचं मूळ मात्र एक आहे. १८९१ मध्ये फ्रान्समधल्या एका वर्तमानपत्राने पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत भरवली. शार्ल तेरोंने ती ७१ तास २२ मिनिटांत, रात्रीही न झोपता जिंकली. वर्तमानपत्राला खप हवा होता, मिशलॅं कंपनीला तेरोंच्या सायकलला लावलेले आपले टायर विकायचे होते. या दोन गरजांवर सायकलपटूचा व्यवसाय उभा राहिला. १९०१ मध्ये हीच शर्यत जिंकणारा मॉरिस गारँ १९०३ मध्ये पहिल्या टूर द फ्रान्सचा विजेता ठरला. ती भरवणारंही वर्तमानपत्रच, 'लोतो' नावाचं.

पुढे व्यावसायिक सायकलपटू टप्प्याटप्प्यांच्या शर्यतींकडे गेले. पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसमध्ये ते शेवटचे १९५१ मध्ये धावले. त्यानंतर ती वाट हौशी सायकलस्वारांची झाली. आज तिथे जाण्यासाठी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या बीआरएम ठरलेल्या वेळेत पूर्ण कराव्या लागतात. तिथे पहिला-दुसरा नंबर नसतो.

नाशिकने ही लांब पल्ल्याची वाट मनापासून धरली. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात अमेरिका आडवी ओलांडणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ मध्ये लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली, असं करणारे ते पहिले भारतीय. ही माणसं आपापला पेशा सांभाळून तिथवर पोहोचली, याचा मला अभिमान आहे. पण त्यांच्याकडे पाहून मुलाने व्यावसायिक होण्याचा मार्ग शोधला, तर तो चुकेल.

कारण रोड रेसमधलं मुख्य काम दुसऱ्यासाठी राबण्याचं आहे. टूरच्या संघात आज आठ जण असतात. त्यातला एक म्होरक्या; बाकीचे त्याच्या पुढे राहून वारा अंगावर घेतात, म्हणजे त्याचा दम वाचतो, पाण्याच्या बाटल्या आणतात, वेळ पडली तर आपलं चाक काढून देतात. त्यांना 'दोमेस्तिक' म्हणतात, म्हणजे घरगडी. १९११ मध्ये टूरचे संचालक आंरी देग्रांज यांनी मॉरिस ब्रोकोला हिणवायला हा शब्द वापरला होता. आता तो हुद्दा आहे आणि बहुतेकांची सगळी कारकीर्द त्यावरच जाते. पैसा सुरुवातीला सायकल कंपन्यांचा होता. १९५४ मध्ये इटलीच्या फियोरेन्झो मान्यीने निव्हिया क्रीमचं प्रायोजकत्व घेतलं आणि बाहेरच्या कंपन्यांना दार उघडलं. बायकांच्या वाट्याला मात्र सर्वोच्च श्रेणीत किमान वेतन यायला २०२० उजाडलं.

शिडी अशी: १७-१८ वर्षांचा ज्युनिअर गट, मग २३ वर्षांखालील गट, कॉन्टिनेंटल संघ, त्याच्यावर प्रोटीम आणि सर्वांत वर वर्ल्डटीम. घोळक्यात पुढच्याच्या चाकाला चाक लावून धावण्याचं कसब वर्षाला डझनावारी शर्यती केल्याशिवाय येत नाही. कसारा एकट्याने कितीही वेळा चढलं तरी ते शिकता येत नाही. आणि अशा शर्यती भारतात कमीच. आपला भर बांधीव ट्रॅकवरच्या सायकल शर्यतींवर राहिला आणि तिथे फळही मिळालं: २०१९ मध्ये भारतीय मुलांनी ज्युनिअर जागतिक स्पर्धेत टीम स्प्रिंटचं सुवर्ण जिंकलं.

जानेवारी २०२६ मध्ये मात्र पुणे ग्रँड टूर झाली, आंतरराष्ट्रीय संघांची, टप्प्याटप्प्यांची. नाशिकहून पुणे साधारण २१० किलोमीटर, म्हणजे एका बीआरएमएवढं. पुढच्या वेळी मुलाला रस्त्याच्या कडेला उभं करा आणि म्होरक्याच्या पुढे कोण वारा झेलतंय, तेवढं पाहायला सांगा.